दाराजवळची जागा

"आबा, असं दारात का बसलात? आत या की."

"न्हाई बाई. मला हितनं दिसतंय. तुमी शिकवा."

"पण काही काम होतं का?"

"काम कसलं. बगाय आलोय."

सोमवारची सकाळ होती. प्रार्थना आटोपून मुलं वर्गात पळाली होती. त्यांच्या मागोमाग मी आत शिरणार, तर उंबऱ्याबाहेर चौकटीला टेकून भागूजी सर्वगोड बसलेले. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या सुमेधाचे आजोबा. बांधकाम खात्यात रस्त्यावर मैलकामगार म्हणून सगळी नोकरी करून घरी बसलेला हा माणूस गावात सरळ म्हणूनही ओळखला जाई आणि तिरसट म्हणूनही. पांढराधोप सदरा, खिशाला पेन, घरून आणलेलं बसकूर आणि शेजारी पाण्याची बाटली. बाटलीकडं मी दोनदा बघितलं. पाणी बरोबर घेऊन येणारा माणूस पाच मिनिटांत उठून जात नाही.

"खुर्ची आणून देऊ?"

"खुर्ची कशाला? ह्या दारात मी खुर्चीबिगर लई बसलोय," असं म्हणून त्यांनी तोंड वर्गाकडे वळवलं.

ही थट्टा असावी असं समजून मी हसले. ते हसले नाहीत. मग मीही हसू आवरलं आणि आत गेले, पण खडू कुठं ठेवलाय तेच मला आठवेना.

माळसोंडीच्या जिल्हा परिषद शाळेत येऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं. मी साताऱ्यात वाढलेली, आडनाव शेवडे, गावच्या भाषेत 'शेवडे बाई'. उन्हाळ्यात एक प्रशिक्षण करून आले होते, आणि प्रशिक्षणाहून परतलेल्या शिक्षकाच्या अंगात सुरुवातीला जे वारं असतं ते माझ्याही अंगात शिरलेलं होतं. मुलं आपली आपण शिकतात, फक्त शिक्षकानं त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायला हवं, हे मी तिथं ऐकलं आणि आल्या आल्या वर्गाची उलथापालथ सुरू केली. माझं टेबल व्हरांड्यात काढलं. भिंतीला खालच्या बाजूनं, मुलांच्या हाताला येईल असा, काळा रंग लावून घेतला. गोष्टींची पुस्तकं कपाटाच्या कुलपातून सोडवून दोरीवर टांगली. चिंचोके, काड्या, मापं, तराजू, सगळं उघड्यावर मांडलं. आणि एके दिवशी कात्री घेऊन बसकरपट्ट्या कापल्या.

तो मात्र कहर झाला. बसकरपट्टी म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारी तागाची लांबच लांब पट्टी. एकेका पट्टीवर मुलं मांडीला मांडी लावून बसणार, एकाला लघवीला जायचं झालं की अख्खी ओळ हलणार. मी प्रत्येकाला त्याच्यापुरता तुकडा कापून दिला. ज्याला जिथं बसून काम करावंसं वाटेल तिथं त्यानं आपली पट्टी टाकावी, खिडकीत, कपाटामागं, दारात, कुठंही. पाण्याच्या पिंपाजवळ रोज रांगा आणि मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून प्रत्येकाला घरून एकेक पेला आणायला लावला आणि त्यावर नाव घातलं. तहान लागली की आपल्या पेल्यानं आपण प्यायचं, बाईंना विचारायचं नाही.

आमचे मुख्याध्यापक मगर गुरुजी ते तुकडे बघून मटकन खाली बसले होते. "अहो बाई, जडसंग्रहाच्या नोंदवहीतली वस्तू कापलीत तुम्ही! उद्या तपासणीला साहेब आले तर काय दाखवू, चिंध्या?"

"गुरुजी, पण मुलं बघा ना, कशी रमलीत."

"बघतोय ना. एक कपाटामागं गेलंय, एक पालथं पडलंय, एक स्वतःशीच बोलतंय. वर्ग आहे का लग्नाचं बिऱ्हाड?"

गुरुजी वाईट नव्हते. निवृत्तीच्या तोंडावर आलेल्या माणसाला शांतता हवी असते, एवढंच. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "दिवाळीपर्यंत चालू द्या तुमचं. पण एका जरी पालकानं तक्रार केली, तर त्याच दिवशी या पट्ट्या पुन्हा शिवून घ्यायच्या आणि पोरं ओळीत. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मला तो वर्ग जिवापाड हवा होता. आधीच्या शाळेत मी ओळीत बसलेल्या मुलांना शिकवत आले होते आणि त्यांचे चेहरे मला आठवत नसत, नुसते तेल लावलेले भांग आठवत. इथं पहिल्यांदाच मला एकेक मूल दिसायला लागलं होतं. तो वर्ग गेला असता तर मी नोकरी केली असती, शिकवलं नसतं.

आणि आता दारात पालक येऊन बसला होता, तोही सुमेधाचा.

सुमेधाचं नाव ऐकलं की माझ्या मनात धाकधूक व्हायची. मुलगी हुशार, अबोल. सकाळी वाचन करायची, गणितं करायची. पण दुपारची सुट्टी संपली की दाराजवळ आपली पट्टी टाकायची आणि खडूनं फरशीवर रेघा ओढायची. आधीच्या रेघांकडं बराच वेळ नुसती बघत बसायची. मग शेवटच्या तासाच्या घंटेला आणखी एक रेघ. रोज हेच. इतर मुलं झाडतानाही तेवढी जागा सोडून झाडत. मी विचारत नव्हते, कारण न विचारणं हाच तर माझ्या नव्या विद्येचा गाभा होता. पण आतून मला कळत नव्हतं, ही पोरगी शिकतेय की नुसती बसून आहे? आणि ती नुसती बसून असेल तर तिच्या आजोबांना काय सांगायचं?

दुपारच्या सुट्टीत आबांनीच विषय काढला.

"बाई, ती पोरगी दाराशी का बसती?"

"तिनंच ती जागा घेतलीय आबा. पहिल्या दिवसापासून."

"तिनंच?"

"हो. मी कुणालाच जागा देत नाही. ज्याची त्यानं निवडायची."

"आन बरुबर दारातलीच निवडली तिनं." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "खिडकीची न्हाई. फळ्यापाशी न्हाई. दारातली."

"आवडत असेल तिला."

"आवडत आसंल," त्यांनी माझे शब्द हळूच पुन्हा म्हटले. "मलाबी आवडायची."

या बोलण्याचा मला काही केल्या अर्थ लागेना. म्हातारपणी माणसं जुनं काहीबाही बोलतात तसं हे असेल, अशी मी समजूत घातली. ते शाळा सुटेपर्यंत हलले नाहीत. डबा खाल्ला तो तिथंच, पाणी प्यायले ते स्वतःच्या बाटलीतलं. दोनदा मी मुलांबरोबर पेला पाठवला. दोन्ही वेळा तो जसाच्या तसा परत आला.

मंगळवारी पुन्हा तेच. बसकूर, बाटली, चौकट. मगर गुरुजींनी मला ऑफिसात बोलावून घेतलं.

"काय भानगड आहे हो? सर्वगोड तुमच्या दारात ठाण मांडून का बसलेत?"

"मला खरंच माहीत नाही गुरुजी."

"सकाळी मला विचारत होते, तक्रार तोंडी चालती का लिहून द्यावी लागती. मी म्हटलं कशाबद्दल, तर म्हणाले, अजून बघतोय."

वर्गात येऊन मी जे कधी करायचं नाही असं ठरवलं होतं तेच केलं. सुमेधाजवळ वाकून कुजबुजले, "बाळा, आज दुपारी पुस्तक घेऊन बसतेस का? आबा बघतायत."

"नको बाई. माझं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"झाल्यावर सांगीन." आणि तिनं खडूचं टोक फरशीवर घासून घासून बारीक केलं.

त्या दुपारी मुलं नेहमीसारखी आपापल्या कामात होती. संग्राम पाटील मापाच्या भांड्यात पाणी घेऊन धावत दाराकडून चालला होता. तो सुमेधाच्या अगदी अंगावरून जाणार तोच पलीकडून दोघं-तिघं ओरडली, "ए संग्र्या, तिला शिवू नको! तिला शिवायचं न्हाई!" संग्राम जागच्या जागी थबकला आणि वळसा घालून गेला. मला फार बरं वाटलं. नियम मुलांनी केला होता आणि मुलंच पाळत होती. खालच्या काळ्या भिंतीवर तो त्यांच्याच गिचमिड अक्षरात लिहिलेला होता: काम करणाऱ्याला शिवायचं नाही. शिवाशिवीच्या खेळातला शब्द त्यांनी उचलला होता, आणि पुस्तकी नियमांपेक्षा तो मला कितीतरी गोड वाटला होता.

आबा उठून उभे राहिले होते. "त्ये काय लिवलंय?"

"नियम आहे आबा. मुलांनीच केलाय." माझ्या आवाजात कौतुक होतं, नाही म्हणत नाही.

"पोरांनी?"

"हो."

"पाटलांच्या, मोहित्यांच्या, समद्यांनी मिळून?"

"सगळ्यांनी मिळून, एकमतानं."

त्यांनी बसकूर झटकलं, गुंडाळलं आणि चालू पडले. शाळा सुटायला अजून वेळ होता. मला वाटलं, चला, म्हातारबुवांवर छाप पडली.

तरीही संध्याकाळी मुलं घरी निघाली तेव्हा मी सुमेधाला थांबवलं. "आबांना तू वर्गाबद्दल काही सांगितलं होतंस का गं?"

"सगळं सांगितलं," ती आनंदानं म्हणाली. "मला बाईंनी वेगळी पट्टी कापून दिलीय. माझा पेला वेगळा हाय. मी दारापाशी बसती आन मला कुणी शिवत न्हाई."

"मग आबा काय म्हणाले?"

"कायच न्हाई. जेवले न्हाईत."

मला तर आश्चर्य वाटलं. जे समजावून सांगताना माझी आणि गुरुजींची दमछाक झाली होती ते पोरीनं चार वाक्यांत सांगून टाकलं होतं. यात न जेवण्यासारखं काय होतं? घरी जाताना मी तेच घोळवत होते. पोरगी अभ्यास करत नाही असं आबांना वाटत असणार, दुसरं काही असूच शकत नाही, असं ठरवून मी त्यांना द्यायची उत्तरं मनात जुळवत बसले.

बुधवारी सकाळी ते आले नाहीत. मी देवाचे आभार मानले, पण जरा घाईनंच. दुपारच्या सुट्टीत गुरुजी स्वतः वर्गाशी आले. "बाई, सर्वगोडांचा निरोप आलाय. आज शेवटच्या तासाच्या घंटेनंतर ऑफिसात येऊन तक्रार देणार. मला वाईट वाटतं, पण बोलणं झालंय आपलं. सुईदोरा बघून ठेवा."

सुट्टी संपली. मुलं आपापल्या पट्ट्या घेऊन पांगली. आमच्या वर्गाचं दार पश्चिमेकडं. दुपार कलली की ऊन व्हरांडा ओलांडून उंबऱ्याच्या आत उतरायचं. सुमेधा त्या उन्हाच्या कडेला पालथी पडली होती, हातात खडू, हनुवटी फरशीला लागलेली. तिच्याकडं बघून माझं मन भरून आलं. उद्यापासून ही मुलगी ओळीत बसणार, आणि ती फरशीवर काय करत होती हे मला कधीच कळणार नव्हतं.

तेवढ्यात दारात आबा येऊन उभे राहिले. आज बसकूर नव्हतं, बाटली नव्हती.

"सुमे, ऊठ. दप्तर घे."

सुमेधा हलली नाही. तिचं लक्षच नव्हतं. चिंचोके मोजत बसलेल्या अमृता मोहितेनं मात्र मान वर केली आणि आपल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ आजोबा, बाजूला व्हा की! तुमची सावली पडतीया."

आबांचा चेहरा उतरला. "काय म्हनलीस?"

"सावली पडतीया तुमची. तिच्यावर."

त्यांनी चौकट घट्ट धरली. मी पुढं झाले, त्यांना बरं वाटत नसेल असं मला वाटलं. "आबा, बसता का? पाणी देऊ?"

"ऐकलंत बाई?" त्यांचा आवाज मोठा नव्हता, मोठा असता तर बरं झालं असतं. "ह्याच दारात बसून मी चार बुकं शिकलो. समदी पोरं आत, मी हितं. माजं फडकं येगळं. पानी वरनं वतायचं कुनीतरी, त्येबी मनात आलं तर. गुरुजी माजी पाटी लांबनं बगायचे, आन चूक झाली की खडा मारून दावायचे, बोट लावायला नको म्हनून. मला शिवायचं न्हाई, असं पोरांना कुनी शिकवाय लागायचं न्हाई. आन सावली पडली की वरडायची. अगदी अशीच."

अमृतानं हातातले चिंचोके खाली ठेवले.

"म्हातारा झालो. वाटलं, संपलं त्ये. आन शनवारी माजी नात घरला येऊन हसत हसत सांगती, माजी पट्टी येगळी, माजा पेला येगळा, मी दारात बसती आन मला कुनी शिवत न्हाई. हसत हसत, बाई! दोन दिस बसून बगितलं, म्हनलं पोरीच्या सांगन्यात चूक आसंल. तर तुमी भिंतीवर लिवून ठिवलंय."

हीच वाक्यं काल मी ऐकली होती आणि मला त्यांचं कौतुक वाटलं होतं. "आबा, अहो तसं नाही. सगळ्यांच्याच पट्ट्या वेगळ्या आहेत. सगळ्यांचेच पेले वेगळे. ही बघा अमृताची, हा संग्रामचा. जागा तिनं स्वतः निवडलीय." मी बोलत होते ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि त्यातलं काहीच उपयोगी पडत नव्हतं.

"मला त्या येळी कुनी इचारलं आसतं ना, का रं हितं बसतो, तर मीबी म्हनलो आसतो, माजी जागा हाय, मला आवडती." आबा म्हणाले. "ल्हान लेकराला काय कळतं, आपुन बसलो का बसवलं?"

खरं सांगायचं तर पुष्कळ वर्षं झाली, असे कितीतरी वर्ग मी मांडले, आणि या प्रश्नाला अजूनही माझ्याकडं उत्तर नाही. त्या वेळी मला एवढंच सुचलं की आधी तो शब्द तिथून जायला हवा. मी ओलं फडकं घेतलं आणि खालच्या भिंतीशी वाकले.

"बाई, का पुसताय?" अमृता उठून जवळ आली. "मग काय म्हणायचं?"

"दुसरं म्हणू. काम करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही."

"त्रास न्हाई ओ. शिवायचंच न्हाई. नुसतं शिवलं तरी तिचा हात हलतो. सुमीनं तसाच केलाय नियम."

"कुनी केलाय?" आबांनी विचारलं.

"सुमीनं. आमी पळताना तिच्या रेघा पुसायच्या ना पायानं, मग तिनंच सगळ्यांना सांगितलं, नियम करा."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मला मुलांनी नियम केला एवढंच माहीत होतं. कोणत्या मुलानं, का, हे मी विचारलंच नव्हतं. आबा आणि मी, दोघंही सुमेधाकडं बघायला लागलो.

ती उठली नव्हती. इतका वेळ तिच्या डोक्यावर एवढं रामायण चाललं होतं आणि ती फरशीवर नजर रोखून होती. आता मात्र तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे भरले होते.

"आबा, सरका ना," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आता घंटा हुईल. मला ऊन दिसंना झालंय."

"ऊन?"

"सरका ना!"

आबा गोंधळून बाजूला झाले. उन्हाचा पट्टा पुन्हा फरशीवर पडला, आणि त्याच क्षणी गुरुजींनी घंटा दिली. सुमेधानं खडू टेकवला आणि उन्हाच्या कडेवरून सरळ रेघ ओढली. मग ती उठून बसली, फ्रॉकला हात पुसले आणि एवढा वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

"झालं. आता बघा," ती म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही. मीच जवळ जाऊन बसले.

"ही आजची. ही कालची. ही त्याच्या आधीची. घंटा झाली की ऊन जिथं येतं तिथं मी रेघ ओढती. घंटा तर रोज त्याच टायमाला होती. मग ऊन रोज पुढं कसं जातं?" तिनं बोटानं रेघांमधलं अंतर दाखवलं. "एकतर सूर्य चुकतोय, न्हाईतर मगर गुरुजी घंटा चुकीची देत्यात. मला कळंना कोण चुकतंय. म्हणून झाल्यावर सांगणार होती."

मला हसावं की रडावं ते समजेना. मी शिक्षिका, आणि माझ्या वर्गात इतके दिवस काय चाललं होतं याचा मला पत्ता नव्हता.

आबा हळूहळू पुन्हा दाराशी आले. रेघांकडं बघत राहिले. "ह्ये तुला बाईनी सांगितलं करायला?"

"बाईंना म्हाईतच न्हाई."

"मग कुनी?"

"कुणी न्हाई. मला दिसलं."

"म्हनून दारात बसतीस?"

"मग?" सुमेधानं आजोबांकडं अशा नजरेनं बघितलं की एवढंही कसं कळत नाही. "ऊन दुसरीकडं कुठं येतंय आत?"

आबांनी माझ्याकडं बघितलं, भिंतीवरच्या अर्ध्या पुसल्या नियमाकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, तो अजून गेला नव्हता, पण तो कुणावर काढायचा हे त्यांना उमगत नव्हतं. "त्यो शबुद मला टोचतो, बाई," ते शेवटी म्हणाले. "मरस्तवर टोचनार. हिला टोचत न्हाई. आता ह्याला काय म्हनायचं, मला समजंना."

"मलाही नाही समजत आबा," मी म्हणाले.

ते रेघा नीट बघायला म्हणून अजून पुढं आले, उंबऱ्यावर पाय ठेवून उभे राहिले, आणि त्यांची सावली फरशीवर लांब पडली, रेघा ओलांडून पार तराजूपर्यंत. ते चटकन मागं सरकायला गेले.

"थांबा!" सुमेधा ओरडली. "आबा, तसंच थांबा. हलू नका."

"का गं?"

"तुमची किती लांब हाय! लांब असली की सरकलेली लगेच कळंल. दाराच्या उन्हानं लई वेळ लागतो." ती खडू घेऊन त्यांच्या पायापासून सुरुवात करून सावलीच्या कडेनं रेघ ओढत निघाली. "उद्याबी घंटेला हितंच उभं राहायचं. परवाबी."

मुलं गोळा झाली. कोण चिंचोके टाकून, कोण पुस्तक टाकून. संग्राम पुढं घुसायला लागला तशी अमृतानं त्याचा दंड धरून मागं ओढलं. "ए, आबांच्या सावलीवर कुणी पाय देऊ नका रं! लांबनं बघा!"

मुलांनी पाय आखडून घेतले. सगळी सावलीच्या भोवतीनं कडं करून उभी राहिली, पाटलांचा, मोहित्यांची, सगळी, आणि एकानंही तिला पाय लागू दिला नाही. आबा ताठ उभे होते. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही, कारण हाताची सावली हलली असती. मी त्यांच्याकडं बघणं टाळलं. मी फरशीकडं बघत राहिले.

व्हरांड्यातून चपलांचा आवाज आला. मगर गुरुजी कागद आणि पेन घेऊन आबांच्या मागं येऊन थांबले.

"चला सर्वगोड, घंटा झाली. या ऑफिसात, काय तक्रार असंल ती लिहून घेऊ."

आबांनी मानसुद्धा वळवली नाही.

"आता न्हाई गुरुजी," ते म्हणाले. "मला हालू नको सांगितलंय."